हातभर अंतरावरचं फुरसं

फुरशाचे फोटो काढून द्याल का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हणाले. आणि घरी आल्यावर मला जेवण जाईना.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. मी रोह्यातल्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. आम्ही वरसे गावात राहायचो, ह्यांची कंपनीत शिफ्टची नोकरी होती. माझा मामा जहाजावर होता. त्यानं निवृत्त झाल्यावर त्याचा जुना कॅमेरा मला दिला होता. लेन्स बाटलीच्या झाकणासारखी फिरवून बसवायची, अशा जातीचा. वर्गातल्या तक्त्यांवरची फुलं आणि किडे आमच्या मुलांनी कधी पाहिलेले नसत, म्हणून मी आमच्या परसातले किडे टिपायला लागले. त्यातला नाकतोड्याच्या डोक्याचा एक फोटो मोठा करून विज्ञान प्रदर्शनात लावला होता. डॉक्टर पाहुणे म्हणून आले होते. ते त्या नाकतोड्यासमोर बराच वेळ उभे राहिले.

त्यांचा दवाखाना नदीपलीकडे अष्टमीत. चार-पाच खाटा, मागे अंगण. म्हणाले, "बाई, माझ्याकडे साप चावलेली माणसं येतात ती उशिरा येतात. कुठला साप चावला हे घरच्यांना सांगता येत नाही. मला दवाखान्यात फुरशाचं मोठं चित्र लावायचंय. डोकं, डोळा, अंगावरचे खवले. तुमच्या ह्या नाकतोड्यासारखं."

मी हो म्हणाले, कारण डॉक्टर माणूस चांगला होता आणि आजूबाजूला माझे विद्यार्थी उभे होते. फुरशाची मला किती भीती वाटते हे त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

माझं माहेर पेणजवळ, खाडीकडच्या एका गावात. वडील मिठागरावर होते. मी सात-आठ वर्षांची असताना शेजारच्या काकीला कुंपणाची लाकडं उचलताना फुरसं चावलं. काकीनं बोट चोखलं, चिंधी बांधली आणि ती कामाला लागली. त्या दिवशी ती आमच्या ओट्यावर बसून आईशी गप्पासुद्धा मारत होती. दुसऱ्या दिवशी तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. आईनं मला पाण्याचा पेला धरायला बसवलं. काकी चूळ भरायची आणि तस्तात लाल पाणी पडायचं. पुन्हा चूळ, पुन्हा लाल. ते थांबतच नव्हतं. काकी माझ्याकडे बघत होती आणि मला पेला तसाच धरून बसावं लागत होतं. ती गेली. तेव्हापासून उशी उचलल्याशिवाय मी झोपलेले नाही, आणि चप्पल झटकल्याशिवाय पाय घातलेला नाही.

तरीही दुसऱ्या रविवारी मी एसटीनं पेणला गेले. रामवाडीच्या अलीकडे एका गल्लीत एका म्हाताऱ्या काकांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नाचे आणि कारखान्यांतल्या गणपतींचे फोटो काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं. माझे रोल मी त्यांच्याकडेच धुवायला द्यायची. त्यांना जुन्या लेन्सचा नाद होता. मुंबईहून, जहाजावरच्या माणसांकडून, मोडीत निघालेल्या स्टुडिओंमधून त्यांनी गोळा केलेल्या लेन्स एका लाकडी कपाटात होत्या. कोकणातल्या दमट हवेत काचेला बुरशी धरते म्हणून कपाटात एक लहान बल्ब बारा महिने पेटलेला असायचा. दार उघडलं की ऊब अंगावर यायची.

"मला जवळचे फोटो काढायला नळ्या हव्यात," मी म्हणाले.

त्यांनी एक डबी काढली. आत लहानमोठ्या तीन धातूच्या कड्या होत्या. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये ह्या कड्या बसवायच्या. त्यांच्यात काच वगैरे काही नसतं, नुसती पोकळ नळी. पण लेन्स फिल्मपासून जितकी लांब सरकेल तितकं तिला जवळचं दिसायला लागतं, आणि दिसतं ते मोठं होतं. नाकतोडा मी एकाच कडीवर काढला होता, तीही काकांकडूनच उसनी नेलेली. कॅमेऱ्याबरोबर आलेली साधी, पन्नास मिलिमीटरची लेन्स मी पुढं केली आणि तिन्ही कड्या तिच्यामागे लावून बघू लागले.

"ह्या खेपेला काय काढणार? फुलपाखरू?"

"फुरसं."

काकांनी विचारलं, "मेलेलं?"

"नाही. जिवंत हवंय डॉक्टरांना. मेल्यावर डोळा मरतो म्हणाले."

त्यांनी कॅमेऱ्याचा जुना चामडी पट्टा घेतला आणि त्याचं वेटोळं करून टेबलावर ठेवलं. "हे फुरसं समज. याच्या बक्कलाचा फोटो घे."

मी वाकले. तीन कड्या लावल्यावर लेन्सला फार जवळचंच तेवढं दिसतं. बक्कल धूसर होतं. मी आणखी वाकले. आणखी. शेवटी बक्कल स्वच्छ झालं तेव्हा लेन्सची कड त्याच्यापासून चार बोटांवर होती, माझं कपाळ टेबलावर ओणवलं होतं आणि लेन्सची सावलीच पट्ट्यावर पडली होती. डोळ्यासमोर बक्कलाशिवाय जगात दुसरं काही उरलं नव्हतं. तेवढ्यात काकांनी पट्टा हिसडला.

मी किंचाळले. कॅमेरा हातातून सुटून गळ्यातल्या दोरीवर लोंबला. गल्लीतला एक माणूस दारात डोकावून गेला. काका हसले नाहीत.

"एवढंच दाखवायचं होतं," ते म्हणाले. "पन्नासची लेन्स काचेला सोन्यासारखी हाय. पण ती तुला त्याच्या तोंडाशी नेते. फुरसं केवढंसं असलं तरी स्वतःच्या अर्ध्या अंगाइतकी झेप घेतं. तुला लांबची लेन्स पायजे."

त्यांनी एकशेपस्तीस मिलिमीटरच्या दोन लेन्स काढल्या. ह्या लांबच्या लेन्स. लग्नात नवरीच्या नकळत तिचा चेहरा टिपायला वापरायच्या. त्यांच्यामागे कड्या लावल्या तर वस्तूपासून हातभर लांब राहून काम होतं. मात्र तेवढंच मोठं दिसायला कड्या जास्त लागतात, आणि नळी जितकी लांब तितका उजेड कमी. म्हणजे फ्लॅश आला.

एक लेन्स जपानी, त्या मानानं नवी. काच अशी लखलखीत की बॅटरीचा झोत पाडला तरी आत धुळीचा कण दिसेना. दुसरी पूर्व जर्मनीतली, वजनदार, रंग उडालेली. तिच्यातून झोत पाडला तर कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले. बुरशी.

मी अर्थातच नवी उचलली. नळ्यांवर बसवली, पट्ट्याचं बक्कल पाहिलं. दिसलं छान, पण बक्कलाची एक कड स्पष्ट आणि बाकी सगळं लोण्यासारखं. इतक्या जवळून लेन्सचं भोक मोठं उघडं असलं की एखाद्या कागदाच्या जाडीइतकंच स्पष्ट येतं. सापाचा डोळा आला तर नाकाड येणार नाही. भोक लहान करायला हवं. मी लेन्सवरची आकड्यांची कडी फिरवली. आकडे फिरले, पण आत काही झालंच नाही. काकांनी लेन्स हातात घेऊन समोरून पाहिली आणि मान हलवली. हिचं भोक कॅमेऱ्यातली दांडी ढकलते तेव्हाच बंद होतं, आणि ह्या साध्या नळ्यांमधून ती दांडी तिथवर पोचत नाही. इतकी देखणी लेन्स, पण नळ्यांवर ती डोळे सताड उघडे ठेवूनच बसणार.

जर्मन लेन्सच्या अंगावर अशा दोन कड्या होत्या. एकीवर आकडा ठरवायचा, दुसरी हातानं फिरवली की भोक त्या आकड्यापर्यंत बंद. कुणाच्या दांडीची गरज नाही. कडेची बुरशी मधल्या चित्रात येणार नव्हती, काकांनी एक जुना प्रिंट दाखवून खात्री दिली. मग त्यांनी नळ्यांचा दुसरा संच काढला आणि प्रत्येक नळी कानाजवळ धरून फिरवली. एकीचे आटे झिजले होते, ती खडखडली. ती बाजूला ठेवली. "ही नको. जड लेन्स हाय, ऐन वेळी सुटली तर थेट त्याच्या अंगावर."

ती खडखडती नळी मी टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला सरकवली.

"आणखी एक सांगतो," काका म्हणाले. "भोक उघडं ठेवून नीट बघून घ्यायचं. मग ही कडी फिरवायची. फिरवलीस की आत काळोख होईल. बटण दाबेपर्यंत तुला ते दिसणार नाय."

मी पाहिलं. खरंच. कडी फिरवली आणि बक्कल, टेबल, सगळं तपकिरी अंधारात बुडालं.

"मग तेवढ्या वेळात ते हललं तर?"

काकांनी लेन्स एका मऊ फडक्यात गुंडाळून दिली.

परत येताना एसटीत ती पिशवी मी मांडीवर घेतली होती. नागोठण्याच्या वळणावर गाडी हिसकली, पिशवीतल्या नळ्या एकमेकींवर वाजल्या, आणि मी पाय वर घेतले. शेजारची बाई माझ्याकडे बघत राहिली.

घरी सराव सुरू झाला. ओट्यावर जुन्या रबरी नळीचा तुकडा ठेवून मी हातभर अंतरावर बसायची. पाहायचं, कडी फिरवायची, अंधार, बटण, फ्लॅश. ह्यांची पहिली शिफ्ट असली की ते दुपारी चहाचा कप घेऊन पायरीवर बसत. एकदा म्हणाले, "अगं, नाही म्हणून सांग ना सरळ. डॉक्टर दुसरं कोणी तरी बघतील."

"दुसरं कोण आहे इथं?"

"नसेना का. रात्री तू दोनदा उठून अंथरूण झटकतेस. मला दिसत नाही होय?"

 खरं म्हणजे नाही म्हणायची गरजच पडणार नाही, अशी माझी आशा होती. पाऊस सरला, दिवाळीची सुट्टी संपली, साप काही मिळाला नव्हता. बाजारात डॉक्टर भेटले की मी आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची. त्यांनी नुसता नमस्कार केला की जीव भांड्यात पडायचा.

मग एका सकाळी तास चालू असताना शिपाई वर्गात आला. "बाई, अष्टमीच्या डॉक्टरांचा फोन. कॅमेरा घेऊन या म्हणतात. जिवंत आलंय."

मुलांना माझा चेहरा दिसू नये म्हणून मी फळ्याकडे तोंड केलं. हातातला खडू मोडला होता.

ह्यांना रात्रपाळीनंतरची सुट्टी होती. घरून पिशवी घेऊन आम्ही स्कूटरवर पूल ओलांडला. दवाखान्याच्या पुढच्या खोलीत शिरलो आणि मला पहिली दिसली ती खाटेवरची बाई. विशीतली असेल. डोंगरावरच्या वाडीतली, सकाळी गवत कापताना बोटाला चावलं होतं. हात कोपरापर्यंत सुजून चकाकत होता. ती शुद्धीवर होती आणि छताकडे बघत होती. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात रक्ताची बारीक रेघ होती. नर्स ती पुसायची, ती पुन्हा यायची.

मी दाराची चौकट धरली. काकीचं तस्त मला इतकं स्वच्छ दिसलं की पुढचं काही क्षण दिसेना.

डॉक्टर एका काचेच्या नळीकडे बघत उभे होते. आत तिचं रक्त होतं. त्यांनी नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं सरकलं.

"गोठत नाहीये," ते मला हळूच म्हणाले. "इंजेक्शन सुरू केलंय. माझ्याकडचं पुरणार नाही. पेणला एका दुकानात आहे, फोन झालाय, पण आणणार कोण?"

"मी जातो," हे म्हणाले. रात्रभर जागलेला माणूस. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. "त्याच्या जवळ जाऊ नकोस," एवढं म्हणून ते स्कूटरकडे पळाले. आता मला दोन ठिकाणची भीती होती, एक अंगणातली आणि एक हायवेवरची.

"बाई, तुम्ही मागं जा," डॉक्टर म्हणाले. "तिच्या नवऱ्यानं आणलंय. मला इथून हलता येणार नाही."

मागच्या अंगणात तिचा नवरा उभा होता, हातात काठी. त्याची आई भिंतीला टेकून उकिडवी बसली होती. मध्ये तेलाचा प्लास्टिकचा कॅन, तोंडाला फडकं बांधलेलं. कॅनच्या आतून आवाज येत होता. खरखर, खरखर, थांबत नव्हती. फुरसं अंग वळवून खवल्यावर खवले घासतं त्याचा तो आवाज. मी पुस्तकात वाचला होता. पुस्तकात तो असा पोटात शिरत नाही.

कोपऱ्यात बांधकामाची वाळू पसरली होती, तिच्यावर गवंड्याचं एक घमेलं पडलं होतं. त्यात वाळू टाकून घेतली. नवऱ्यानं काठीनं फडकं सोडलं आणि कॅन घमेल्यात कलंडवला. वाळूवर पडलं ते वीतभराहून थोडंसं मोठं, मातकट, पाठीवर फिक्या ठिपक्यांची ओळ. त्यानं लगेच इंग्रजी आठच्या आकड्यासारखं वेटोळं केलं आणि पुन्हा खरखर सुरू झाली.

हात स्थिर व्हावा म्हणून मी आधी साधी पन्नासची लेन्स लावून उभ्यानंच एक फोटो काढला. पूर्ण घमेलं, त्यात ते, बाजूला काठीचं टोक. मग जर्मन लेन्स बसवली. नळ्यांचे आटे बसेनात.  तिसऱ्या खेपेला बसले. मी वाळूवर गुडघे टेकले, हातभर अंतर पुन्हा पुन्हा डोळ्यानं मोजलं, आणि डोळा लावला.

आत त्याचं डोकं भरून राहिलं होतं. डोक्यावर बाणासारखी खूण. डोळ्याची बाहुली उभी, फटीसारखी. आतापर्यंत मी फक्त त्याच्या नावाला भ्यायले होते. आता ते माझ्याकडे बघत होतं. एकेका खवल्याच्या मध्यावर उभी कड होती, बारीक करवतीसारखी. ते इतकं स्पष्ट होतं की एकेक कड मोजता आली असती.

कडी फिरवली. अंधार. खरखर चालू. बटण दाबलं. फ्लॅश उडाला.

फ्लॅश भरताना त्यातून बारीक कुई ऐकू येते. ती थांबेपर्यंत थांबायचं, पुन्हा उघडायचं, पुन्हा बघायचं, पुन्हा अंधार. असे किती फोटो काढले कोण जाणे. आतून डॉक्टरांचा आवाज येत होता, नर्सचा येत होता. त्या बाईचा आवाज येत नव्हता. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

अंधारात माझा सगळा भरवसा त्या आवाजावर होता. खरखर आहे म्हणजे ते तिथंच आहे. आणि असाच एकदा कडी फिरवली, आत काळं झालं, आणि खरखर थांबली.

मी बटण दाबलं नाही. डोळा काढला नाही. हलले तर काय होईल हे मला कळेना. 

"हलू नको गो," म्हातारीचा आवाज आला. अगदी हळू, लहान मुलीला निजवताना बोलावं तसा. "पायाशी हाय तुझ्या. हलू नको."

मी हलले नाही. डोळा काळ्या काचेला चिकटलेला होता आणि त्यातून काहीच दिसत नव्हतं. डाव्या पायाच्या घोट्याजवळ वाळूचे कण सरकल्यासारखं वाटलं. साडीचा काठ जमिनीवर पसरला होता. ते काठावरून गेलं की काठाखालून, मला आजही सांगता येणार नाही. माझ्या मनात त्या वेळी देव आला नाही, घर आलं नाही. फक्त एवढंच आलं, की ह्यांनी पेणहून आणलेली इंजेक्शनं दोघींना पुरणार नाहीत.

मग धप्पकन आवाज झाला. नवऱ्यानं वाळूसकट घमेलं उलटं करून त्याच्यावर पालथं घातलं होतं. माझ्या पायापासून वीतभर अंतरावर. त्यानं घमेल्यावर पाय दिला आणि दुसऱ्या हातानं काठी उगारली. "ठेचतोच आता भाड्याला."

"नको," म्हातारी म्हणाली. ती उठून उभी राहिली होती. "ती आत झुंजतेय. हितं रगात नको मना. धोंडा ठेव वर, न् बस गप."

त्यानं घमेल्यावर दगड ठेवला. मग तो त्याच्या शेजारीच बसला आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागला. मी तशीच मागच्या मागे सरकत भिंतीशी गेले. म्हातारीनं माझा हात धरला. तिचा हात गार होता, माझाही. आम्ही दोघी भिंतीला टेकून बसलो. घमेल्याखालून पुन्हा खरखर सुरू झाली होती.

हे परत आले तेव्हा दुपार कलली होती. घामानं शर्ट अंगाला चिकटला होता. मी स्कूटरचा आवाज लांबूनच ओळखला आणि तेव्हा कुठं मला रडू आलं. त्यांनी इंजेक्शनं आत दिली, बाहेर येऊन मला नखशिखांत पाहिलं आणि विचारलं, "झालं?" मी हो म्हणाले. साडीच्या काठाचं मी त्यांना त्या दिवशी सांगितलं नाही.

इंजेक्शनं चढवताना ती बाई मध्येच काकडायला लागली, अंगावर पित्तासारख्या गांधी उठल्या. डॉक्टरांनी ते थांबवलं, दुसरं औषध दिलं, हळूहळू पुन्हा सुरू केलं. त्या संध्याकाळी नळी तिरकी केली तेव्हा रक्त अजून सरकत होतं. रात्री आम्ही घरी आलो. मी अंथरुणावर बसून राहिले. सकाळी शाळेत जाण्याआधी दवाखान्यात गेले तर डॉक्टर पायरीवर चहा पीत होते. त्यांनी मला काही सांगितलं नाही, फक्त आतून ती नळी आणून माझ्यासमोर उलटी केली. रक्त तळाशी घट्ट बसलं होतं. पडलं नाही.

फुरशाला वनखात्याचा माणूस घेऊन गेला. ते मी पाहायला थांबले नाही.

रोल पेणला दिला. काकांनी प्रिंट टेबलावर पसरले तेव्हा बरेचसे काळपट होते, काहींत नुसती वाळू होती. एकात मात्र सगळं होतं. डोळा, नाकाड, बाण, करवतीसारखे खवले. काका भिंग घेऊन बराच वेळ बघत होते. मग त्यांनी प्रिंट पालथा घातला.

"मोठा करू ना?" त्यांनी विचारलं. "मोठा केला की रात्रभर प्रिंट धुवायच्या हौदात तरंगणार हा. मी दार लावून घेतो."

चित्र दवाखान्यात लागलं. माणसं थबकायची, मुलं आईच्या मागं लपायची. डॉक्टर खूश होते. पण महिना-दोन महिन्यांत एक भलतीच गोष्ट घडली. वरच्या एका वाडीतला माणूस साप चावल्यानंतर दुसऱ्या दिवशी आला. डॉक्टरांनी चित्राकडे बोट दाखवून विचारलं, हा होता का? तो म्हणाला, "नाय नाय. ह्यो तर केवढा मोठा हाय. मना चावला तो करंगळीएवढा. म्हनून तर आलो नाय." त्याचा पाय काळा पडला होता. तो वाचला, पण वाचेपर्यंत डॉक्टरांचा आणि माझा जीव थाऱ्यावर नव्हता. इतक्या खटपटीनं मोठा केलेला साप बघून कोणालाच आपला साप ओळखू येत नव्हता.

तेव्हा पहिला उभ्यानं काढलेला फोटो मी शोधून काढला, घमेल्यातला. घमेलं केवढं असतं हे सगळ्यांना ठाऊक. तो डॉक्टरांनी मोठ्या चित्राच्या शेजारी लावला आणि खाली लिहिलं, "एवढासाच असतो."

ती बाई होळीच्या सुमारास हात दाखवायला आली होती. मी योगायोगानं तिथं होते. बोटाचं टोक गेलं होतं, बाकी हात बरा होता. डॉक्टर आत होते म्हणून ती बाकावर बसली आणि मग उठून त्या दोन चित्रांसमोर गेली. बराच वेळ घमेल्याकडे बघत राहिली.

"बाय, तुमीच काडलाव ना? सासूनं सांगितलान." ती मागे वळून म्हणाली. "भ्या नाय वाटला?"

"वाटलं. अजून वाटतं."

"मना तर आता गवतात हात घालवत नाय," ती म्हणाली. "आधी काठीनं झोडपते, मंग घालते. तरी छातीत धडधडतं." मग तो हात पदरात घेत म्हणाली, "पन घालायलाच लागतो."

नर्सनं हाक मारली. ती आत गेली.